प्लास्टिकच्या विद्युतरोधकात नॅनोकण कशासाठी मिसळतात?

उच्चदाबाच्या केबल बनवणारे कारखाने तारेभोवतीच्या प्लास्टिकच्या स्वच्छतेबाबत कमालीचे काटेकोर असतात. पॉलिथिनचे दाणे यंत्रात ओतण्याची जागा बंदिस्त असते, आत येणारी हवा गाळून घेतलेली असते आणि केसाच्या जाडीएवढा एखादा परका कण शिरला तरी तो हुडकून काढण्याची सोय केलेली असते, कारण पुढे कधीतरी केबल नेमकी त्याच ठिकाणी जळण्याची भीती असते. अशा उद्योगात जाऊन, ‘याच प्लास्टिकमध्ये आपण सिलिकाची किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड मुद्दाम मिसळू या,’ असे कोणी म्हटले तर भुवया उंचावणारच. तरीही गेल्या तीस वर्षांत हा विचार प्रयोगशाळेतून निघून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलपर्यंत पोहोचला आहे. पूड पुरेशी बारीक असली की तिचे वागणे मुळातूनच कसे बदलते, आणि या पद्धतीचे खरे यश कुठे आहे व कुठे नाही, हे येथे पाहायचे आहे.

प्रथम प्लास्टिकचे विद्युतरोधक निकामी कसे होते ते पाहू. पॉलिथिनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. प्रयोगशाळेतील पातळ, निर्दोष नमुना मिलिमीटरला काही शे किलोव्होल्ट इतका ताण सहन करतो. हवा मात्र मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टलाच हार मानते. प्रत्यक्ष केबलची रचना करताना अभियंते यातला लहानसा हिस्साच वापरतात, कारण खरे प्लास्टिक कधीच निर्दोष नसते. त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात, तारेच्या पृष्ठभागावर बारीक टोके असतात आणि अशा ठिकाणी विद्युतक्षेत्र एकवटते. पोकळीतील हवा प्लास्टिकच्या कितीतरी आधी फुटते आणि तेथे लहान लहान ठिणग्या पडत राहतात. अभियंते यांना पार्शल डिस्चार्ज म्हणतात. एकेक ठिणगी अगदी क्षुल्लक असते. पण सेकंदाला शेकडो वेळा, महिनोन्महिने ती प्लास्टिकची भिंत कुरतडत राहते.

या कुरतडण्यातून जे तयार होते त्याला इंग्रजीतही झाडच म्हणतात आणि नाव अगदी समर्पक आहे. प्रयोगात हे मुद्दाम उगवता येते. पारदर्शक एपॉक्सीच्या, म्हणजे घट्ट झालेल्या रेझिनच्या, लहान ठोकळ्यात एक सुई बसवतात, जिच्या टोकाची त्रिज्या काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते, आणि टोकापासून दोनेक मिलिमीटर अंतरावर जमिनीला जोडलेला सपाट धातू ठेवतात. सुईला काही किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, दाब दिला की काही काळ काहीच दिसत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली टोकाशी एक काळसर रेषा उमटते, तिला फाटा फुटतो, फाट्यांना फाटे फुटतात, आणि केसाहून बारीक अशा पोकळ नळ्यांचे ते जाळे समोरच्या धातूकडे सरकू लागते. फांदी पलीकडे टेकली की नमुना संपला. एखाद्या नव्या पदार्थाची टिकाऊ शक्ती मोजायची तर ‘तो किती व्होल्टला फुटला’ याइतकाच ‘झाड पलीकडे पोहोचायला किती तास लागले’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण केबल क्वचितच एका झटक्यात फुटते. ती बहुधा म्हातारी होऊन मरते.

प्लास्टिकमध्ये खनिजाची पूड घालणे यात तसे नवे काही नाही. कोरड्या प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरच्या एपॉक्सीमध्ये वजनाच्या निम्म्याहून अधिक क्वार्ट्झची भुकटी असते. तिच्यामुळे एपॉक्सी स्वस्त पडते, कमी आकसते आणि उष्णता बरी वाहून नेते. बाहेर उघड्यावर टांगलेल्या सिलिकॉन रबराच्या इन्सुलेटरमध्ये अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) हायड्रेट घालतात, जो तापल्यावर पाणी सोडतो आणि ठिणगीने जळणारा पृष्ठभाग वाचवतो. मात्र या भुकटीचे कण काही मायक्रोमीटर आकाराचे असतात, आणि त्यांची एक किंमत मोजावी लागते. विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक खनिजाचा प्लास्टिकपेक्षा जास्त असल्याने, म्हणजे पॉलिथिनचा सुमारे २.३ तर अॅल्युमिनाचा ९ ते १० असल्याने, कणाच्या आजूबाजूला विद्युतक्षेत्राची दाटी होते. कण आणि प्लास्टिक यांची पकड सैल असेल तर तेथे पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की मघाची कथा सुरू. म्हणून भुकटी घातल्यावर फुटण्याचा दाब सहसा घसरतो, आणि इतर फायद्यांसाठी अभियंते ही घट मुकाट्याने सोसत आले.

१९९४ मध्ये वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे टी. जे. लुईस यांनी ‘नॅनोमेट्रिक डायइलेक्ट्रिक्स’ या विषयावर एक लेख लिहिला. त्यात प्रयोगापेक्षा विचारच अधिक होता. दोन पदार्थ जेथे भेटतात त्या सीमेवर नॅनोमीटर (मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाडीचा जो पट्टा असतो, त्याचे विद्युत गुणधर्म दोन्ही पदार्थांहून वेगळे असतात. तेव्हा एखाद्या पदार्थात असा पट्टाच भरपूर असेल तर तो पदार्थ नव्या तऱ्हेने वागू लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. आठेक वर्षे याकडे फारसे कोणी वळले नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट आणि इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठ येथील संशोधकांनी एपॉक्सीमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळून पाहिली. एकदा मायक्रोमीटर आकाराची, एकदा नॅनोमीटर आकाराची. रासायनिकदृष्ट्या पदार्थ तोच होता. पण बारीक पूड घातलेल्या एपॉक्सीत साठणारा विद्युतप्रभार जाड पूड घातलेल्या एपॉक्सीपेक्षा पुष्कळ कमी होता. तेथून या क्षेत्रात शोधनिबंधांची जी रीघ लागली ती आजही थांबलेली नाही.

आकार लहान होण्याने एवढा फरक का पडावा, हे थोड्या अंकगणिताने कळते. १ ग्रॅम सिलिकाचे १० मायक्रोमीटर व्यासाचे गोल कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग जेमतेम पाव चौरस मीटर भरतो. त्याच १ ग्रॅमचे १२ नॅनोमीटर व्यासाचे कण केले तर पृष्ठभाग सव्वादोनशे चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे चिमूटभर पुडीत सव्वादोन गुंठे जमीन. आता असे समजा की प्रत्येक कणाभोवती १० नॅनोमीटर जाडीच्या थरातील प्लास्टिक कणाच्या प्रभावाखाली येते. आकारमानाने ५ टक्के भुकटी असेल आणि कण १० मायक्रोमीटरचे असतील तर असा प्रभावित भाग प्लास्टिकच्या सुमारे तीन हजारांत एक इतकाच असतो. त्याचे अस्तित्व कुठे जाणवणारही नाही. कण २० नॅनोमीटरचे असतील तर मात्र एक तृतीयांशाहून अधिक प्लास्टिक कुठल्या ना कुठल्या कणाच्या प्रभावाखाली असते, आणि दोन शेजारच्या कणांमधले अंतरही पंचवीसेक नॅनोमीटरच उरते. अशा मिश्रणाला ‘पूड घातलेले पॉलिथिन’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी त्यातले बरेचसे पॉलिथिन आता मूळचे पॉलिथिन राहिलेलेच नसते.

या थरात नेमके काय घडते याबद्दल मतांतरे आहेत. जपानमधील वासेदा विद्यापीठाचे तोशिकात्सु तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जे चित्र मांडले ते सर्वाधिक उद्धृत होते. त्यांच्या म्हणण्यानुसार कणाला लागून एक अतिशय पातळ थर असतो, ज्यात प्लास्टिक कणाशी रासायनिक बंधाने जखडलेले असते. त्याबाहेर काही नॅनोमीटरचा असा थर असतो, ज्यात प्लास्टिकच्या लांब साखळ्यांची हालचाल आखडलेली असते. आणि त्याही बाहेर एक सैल थर असतो, ज्यात साखळ्यांची रचना विस्कटलेली असते. आखडलेल्या थराचा पुरावा अप्रत्यक्ष का होईना, पण चांगला आहे. जास्त डायइलेक्ट्रिक स्थिरांकाची पूड घातली की मिश्रणाचा स्थिरांक वाढायला हवा. पण एपॉक्सीत नॅनोकण अगदी थोडे घातले तर तो मूळ एपॉक्सीच्याही खाली उतरतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातही हे दिसले. विद्युतक्षेत्र लावल्यावर साखळ्या जरा वळतात, त्या वळण्यामुळे स्थिरांक वाढतो, आणि कणांनी त्यांना धरून ठेवले की वळणे कमी होते, असा याचा अर्थ लावला जातो.

दुसरा परिणाम सापळ्यांचा. कण आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर अशा जागा तयार होतात, जेथे भटकणारा इलेक्ट्रॉन अडकतो आणि त्याला पुन्हा सुटायला बरीच ऊर्जा लागते. सापळे शुद्ध पॉलिथिनमध्येही असतात, पण नॅनोकणांमुळे खोल सापळ्यांची संख्या कितीतरी वाढते. एकेका इलेक्ट्रॉनला वेग घेण्याइतकी मोकळी वाटच मिळत नाही आणि म्हणून तो प्लास्टिकचे बंध तोडण्याइतका आक्रमक होत नाही.

याचा सर्वांत सरळ लाभ ठिणग्यांच्या माऱ्यासमोर दिसतो. सुईच्या प्रयोगात नॅनोकण असलेल्या नमुन्यातील झाड आडवेतिडवे, दाट आणि सुस्त वाढते, कारण खनिजाचा कण ठिणगीने कुरतडला जात नाही आणि फांदीला प्रत्येक कणाला वळसा घालावा लागतो. उद्योगाने हा गुण सर्वांत आधी मोटारींमध्ये वापरला. पूर्वी मोटारीला ५० हर्ट्झची सरळ लाट मिळे. आता वेग बदलण्यासाठी मध्ये इन्व्हर्टर असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा दाब एकदम चढवतो-उतरवतो. या धक्क्यांमुळे गुंडाळीच्या दोन वेढ्यांमध्ये ठिणग्या पडतात आणि तांब्याच्या तारेवरचे पातळ इनॅमल बघता बघता झिजते. त्यावर उपाय म्हणून इनॅमलमध्ये सिलिका, अॅल्युमिना किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण घालू लागले. ड्यूपाँटने विकसित केलेल्या कॅप्टॉन नावाच्या पॉलिइमाइड प्लास्टिकच्या फिल्मचा अॅल्युमिना घातलेला प्रकार रेल्वेच्या इंजिनांच्या मोटारींसाठी वापरला जातो. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार मिलिमीटरला २० किलोव्होल्ट इतक्या ताणाखाली साधी फिल्म सुमारे २०० तास टिकते तर ही १ लाख तासांहून अधिक. उत्पादकाचा आकडा म्हणून त्यातून थोडे वजा केले तरी फरक प्रचंडच उरतो.

दुसरा मोठा लाभ दिष्ट प्रवाहाच्या, म्हणजे डीसी केबलमध्ये आहे, आणि मला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. एसी केबलमध्ये दाब सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी घेतो, त्यामुळे प्लास्टिकमध्ये शिरू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला एका दिशेने जाण्याइतका अवधीच मिळत नाही. डीसीमध्ये दाब एकाच दिशेने तासन्‌तास तसाच राहतो. धातूतून प्रभार हळूहळू प्लास्टिकमध्ये शिरतो, तेथे अडकतो आणि साठतो. या साठलेल्या प्रभाराला स्पेस चार्ज म्हणतात. त्याचे स्वतःचे विद्युतक्षेत्र असते, म्हणून रचनाकाराने कागदावर मांडलेला ताण प्रत्यक्षात भलतीकडेच वाढलेला आढळतो. जुन्या पद्धतीच्या डीसी यंत्रणेत विजेच्या प्रवाहाची दिशा बदलायची तर केबलवरील दाबाची धनऋण बाजूच उलटी करावी लागते. त्या क्षणी बाहेरचा दाब उलटतो, पण आत साठलेला प्रभार जागचा हलत नाही, आणि आतापर्यंत तारेजवळचा ताण कमी करणारा हाच प्रभार आता त्यात भर घालू लागतो. क्रॉसलिंक्ड पॉलिथिनच्या, म्हणजेच एक्सएलपीईच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण साखळ्या एकमेकींना जोडण्यासाठी जो पेरॉक्साइड वापरतात त्याचे अवशेष प्लास्टिकमध्ये राहतात आणि तेही प्रभार साठवायला मदत करतात. एसीमध्ये एक्सएलपीईने तेल-कागदाच्या केबलला बाजूला सारून पुष्कळ वर्षे झाली तरी डीसीमध्ये कागद इतका टिकून राहिला, तो यामुळेच.

हा साठलेला प्रभार मोजण्याची रीतही सुंदर आहे. नमुन्याला एक अतिशय छोटा विद्युत धक्का देतात; त्याने आत अडकलेला प्रभार किंचित हलतो आणि त्या हालचालीतून ध्वनीची लहर निघते. नमुन्याच्या पाठीला चिकटवलेला संवेदक ती लहर ऐकतो. जवळच्या प्रभाराची लहर आधी पोहोचते, दूरच्याची नंतर, आणि त्यावरून कोणत्या खोलीवर किती प्रभार आहे याचा आलेख निघतो. १९८० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीमुळे नॅनोकणांचा परिणाम डोळ्यांना दिसू लागला. शुद्ध पॉलिथिनच्या आलेखात प्रभाराचे ढीग आतपर्यंत सरकताना दिसतात. थोडा मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेल्या पॉलिथिनचा आलेख मधल्या भागात जवळजवळ सपाट राहतो. एक स्पष्टीकरण असे, की आत शिरू पाहणारे पहिलेच इलेक्ट्रॉन धातूलगतच्या खोल सापळ्यांत अडकतात, त्यांच्यामुळे धातूलगतचे क्षेत्र कमी होते आणि मागून येणाऱ्यांना दार बंद होते.

जपानने हा धडा प्रत्यक्षात आणला. होक्काइडो आणि होन्शू ही बेटे जोडणाऱ्या २५० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीवर २०१२ मध्ये अजैव कण मिसळलेल्या एक्सएलपीईची केबल कार्यान्वित झाली. दाबाची दिशा उलटली आणि तार ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी ती चालावी अशी तिची रचना आहे. त्याच घराण्यातील केबल सुमितोमो इलेक्ट्रिक कंपनीने इंग्लंड व बेल्जियम यांच्यामधील ४०० किलोव्होल्टच्या, १००० मेगावॉट क्षमतेच्या नेमो लिंकसाठी पुरवली. सुमारे १४० किलोमीटरची ही वाहिनी २०१९ च्या जानेवारीअखेर सुरू झाली. आपल्याकडे तमिळनाडूतील पुगलूरहून केरळातील त्रिशूरला जाणाऱ्या ३२० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीचा केरळातील सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा, उंच मनोऱ्यांसाठी जागा मिळणे अवघड असल्याने, जमिनीखालून नेला आहे आणि तेथील केबलही याच कंपनीची आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर ते पडघा ही ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी १९९९ पासून आहे, पण ती मनोऱ्यांवरून जाते, तेव्हा तिच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. मुंबईसाठी आखलेल्या कुडूस-आरे वाहिनीचा मोठा भाग मात्र भूमिगत आहे. दाट वस्तीच्या महानगरात डीसी वीज आणायची म्हटली की स्पेस चार्जचा विचार दारात येऊन उभा राहतो.

आता दुसरी बाजू. नॅनोकणांमुळे फुटण्याचा दाब किती वाढतो, याविषयीचे दावे जपून वाचावेत. रेन्सेलर येथील गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे खूप गाजले: वजनाने ५ टक्के सिलिका घातलेल्या एक्सएलपीईची सहनशक्ती, कणांवर व्हिनाइल सिलेनचा लेप असताना, नेहमीच्या तापमानाला मिलिमीटरला सुमारे २७० किलोव्होल्टवरून ४४५ च्या आसपास गेली आणि ८० अंशांना सुमारे ८० वरून २२० वर. यातली बोधप्रद गोष्ट अशी, की लेप नसलेल्या सिलिकाने नेहमीच्या तापमानाला थोडीशीच वाढ दिली आणि ८० अंशांना जवळजवळ काहीच दिले नाही. म्हणजे खरे काम लेपाने, कणाला प्लास्टिकशी घट्ट बांधण्याने केले. पुढे इतर प्रयोगशाळांतून आलेले निकाल विखुरलेले आहेत. एसी दाबाखाली कोठे थोडी वाढ, कोठे काहीच नाही, कोठे चक्क घट. पदार्थ एकच असताना निकाल इतके वेगळे येतात तेव्हा दोष बहुतेक वेळा कल्पनेत नसून मिसळण्यात असतो.

आणि मिसळणे हे काम दिसते त्याहून फार कठीण आहे. ज्वालेतून बनवलेली सिलिकाची पूड इतकी हलकी असते की लिटरभर पुडीचे वजन ५० ग्रॅमच्या आसपास भरते. पिशवी उघडताच ती धुरासारखी उठते, म्हणून ती मास्क लावून आणि बंद कपाटातच हाताळावी लागते. एपॉक्सीत ती टाकल्यावर पातळ रेझिन काही मिनिटांत मलमासारखे घट्ट होते आणि ढवळताना शिरलेले हवेचे बुडबुडे बाहेर निघेनासे होतात, तेव्हा मिश्रण निर्वातात ठेवावे लागते. त्यातच हे कण एकमेकांना चिकटून मायक्रोमीटर आकाराचे पुंजके करतात. पुंजका झाला की नॅनोचा सगळा हिशेब कोलमडतो: पृष्ठभाग गेला, थर गेला, आणि उरला तो मुद्दाम घातलेला कचरा. तीन रुळांच्या गिरणीतून मिश्रण दळून, किंवा अतिध्वनी लहरींनी, पुंजके फोडता येतात. पण ते खरोखर फुटले की नाही हे कळण्यासाठी नमुन्याचा शंभरेक नॅनोमीटर जाडीचा काप काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तो काप सबंध नमुन्याचा प्रतिनिधी असेलच असे नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. सिलिकाच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट हवेतील ओलावा ओढून घेतात, आणि सव्वादोन गुंठे पृष्ठभागावर ओलावा धरायला जागाही तेवढीच मोठी असते. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की एपॉक्सीतील कणांभोवती पाण्याचे कवच जमते. आर्द्रता वाढली की ही कवचे एकमेकांना भिडू लागतात आणि प्रभाराला चालायला वाट मिळते. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला पदार्थ कोकणातल्या श्रावणात कसा वागेल, हे वेगळे तपासावेच लागेल. पूड आधी तापवून सुकवणे आणि सिलेनच्या लेपाने हे गट झाकणे असे दोन उपाय आहेत. प्रमाणही मर्यादेत ठेवावे लागते. साधारण काही टक्क्यांच्या पुढे गेले की कण इतके जवळ येतात की फायद्याऐवजी गळतीच वाढते.

या सगळ्याचा परिणाम असा, की डीसी केबलच्या क्षेत्रात नॅनोकणांना एक तगडा प्रतिस्पर्धी आहे: काहीही न मिसळता पॉलिथिनच अधिकाधिक शुद्ध करत जाणे. २०१४ मध्ये एबीबी कंपनीने ५२५ किलोव्होल्टची प्लास्टिकची डीसी केबल जाहीर केली, आणि युरोपातील उत्पादकांचा भर मुख्यतः या शुद्धतेच्या मार्गावर राहिला आहे. त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. शेकडो किलोमीटर लांबीच्या केबलमध्ये प्रत्येक मीटरला कण सारखेच पसरले आहेत अशी हमी देण्यापेक्षा कणच नसल्याची हमी देणे सोपे जाते. उलट जेथे ठिणग्या टाळताच येत नाहीत, अशा इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारींच्या गुंडाळीत शुद्धतेचा काही उपयोग नाही. तेथे कितीही स्वच्छ इनॅमल झिजणारच, आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीचा दाब ४०० वरून ८०० व्होल्टकडे सरकू लागल्यापासून कणांनी भरलेल्या इनॅमलची गरज वाढतच चालली आहे.